अर्धा इंच, तीन सूत आणि १२७ दातांचं चाक

स्मरणिका समितीचा निरोप आला, "आठवणी सगळेच लिहितायत, तू काहीतरी माहितीपर लिही." म्हणून शाळेच्या आठवणी इतरांवर सोपवून मी गेली दोन वर्षं डोक्यात घोळणारा एक विषय घेतलाय. आपल्या देशात मेट्रिक पद्धत कायद्याने आली त्याला साठ वर्षं कधीच उलटली. मग नळदुरुस्तीवाला अजून "अर्धा इंची" का म्हणतो? सेंट्रिंगवाला "तीन सूत" का म्हणतो? आणि गॅरेजमधल्या खोक्यात पान्यांचे दोन वेगळे संच का असतात? आपल्यापैकी बरेच जण सांगली-मिरज-कोल्हापूरच्या वर्कशॉपांत, कारखान्यांत, साइटवर आयुष्य काढताहेत. त्यांना यातलं निम्मं माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांनी हसत वाचावं, चुकलं तर संमेलनात पकडावं.

सुरुवात आपल्या दप्तरातून करू. कंपासपेटीत जी होती तिला आपण सगळे "फूटपट्टी" म्हणायचो. तिच्यावर एका बाजूला ३० सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला १२ इंच. गणिताच्या तासाला फक्त सेंटिमीटरची बाजू वापरायची, पण नाव फुटाचं. आपल्या वेळी मुलांना टेक्निकल आणि मुलींना शिवण अशी वाटणी होती, आठवतंय? त्यातली गंमत मला खूप उशिरा कळली. तिकडे मुलं मिलिमीटरमध्ये लोखंड कानसत होती आणि इकडे आम्ही मुली टेपने इंचात माप घेऊन झबली बेतत होतो. म्हणजे ब्रिटिश मापांचा वारसा शाळेने मुलींकडे दिला होता. लेथला हात लावायला मला इंजिनिअरिंग कॉलेजची वाट पाहावी लागली, ही तक्रार मात्र इथे नोंदवून ठेवते.

आता इतिहास. मेट्रिकचा पहिला प्रयत्न स्वातंत्र्यानंतरचा, असं आपण समजतो. खरं तर लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना १८७० मध्येच तसा कायदा झाला होता. त्यात सेर हा किलोग्रॅमइतका धरायचा असं ठरलं होतं. तो अमलात आला नाही. पण त्या काळाची एक खूण जमिनीवर उरली, आणि ती आपल्या मिरजेने पाहिली आहे: मीटर गेज. इंग्रजांच्या राज्यात रेल्वेचे रूळ बरोबर एक मीटर अंतरावर का टाकले गेले? कारण तेव्हा सरकारला वाटत होतं की देश आता मेट्रिकवर जाणारच. देश गेला नाही, रूळ तेवढे पडले. पुणे-मिरज-लोंढा मार्ग मीटरचा, ब्रॉडगेज साडेपाच फुटांचं, आणि कुर्डुवाडीहून येणारी बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांची. मिरज जंक्शनात एकेकाळी तिन्ही होते. दोन रुळांची मापं फुटांत आणि एकाचं मीटरमध्ये, एकाच स्टेशनात.

स्वातंत्र्यानंतर काम गंभीरपणे झालं. १९४७ मध्ये इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन स्थापन झाली (हीच ती आपल्याला शिक्क्यावरून माहीत असलेली आय.एस.आय.). तिचे पहिले संचालक डॉ. लाल चंद वर्मन मेट्रिकचे खंदे पुरस्कर्ते होते. आधी नाणी बदलली. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. वजन-मापांचा कायदा १९५६ च्या डिसेंबरात मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत गेला. या बदलातून राष्ट्रध्वजही सुटला नाही. ध्वजाचं मानक हे आय.एस.आय.च्या यादीतलं पहिलंच मानक. ते १९५१ चं, आणि १९६४ मध्ये मेट्रिक मापांत बसवण्यासाठी सुधारलं गेलं.

बाजारात हा बदल आश्चर्य वाटावं इतक्या लवकर पचला. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने सेर-छटाक सोडून किलो-ग्रॅम घेतलं, वार सोडून मीटर घेतला. दुकानातलं वजन बदलणं सोपं असतं. जुनं जमा करा, नवं घ्या, निरीक्षकाचा शिक्का मारून घ्या. यंत्राचं तसं नसतं. यंत्राच्या पोटात माप कोरलेलं असतं.

यासाठी थोडं आट्यांबद्दल बोलायला हवं. बोल्टला आटे असतात, पण ते कसे असावेत हे १८४१ पर्यंत कुणीच ठरवलं नव्हतं. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मापले आणि साधारण सरासरी काढून एक पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश. पाव इंची बोल्टला इंचात २० आटे, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८. पुढे १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने म्हटलं की ५५ अंशांचा कोन करणं आणि तपासणं साध्या कारागिराला जड जातं, ६० करा. अमेरिका ६० वर गेली. युरोपच्या मेट्रिक आट्यांनीही ६० धरला. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढणाऱ्या इंग्लंड-अमेरिकेचे नटबोल्ट एकमेकांना बसेनात. पॅकार्ड कंपनीला अमेरिकेत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन बनवताना ब्रिटिश आट्यांचे टॅप आणि डाय स्वतः करून घ्यावे लागले. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडाने एकत्र येऊन "युनिफाइड" आटे मान्य केले. ते पुन्हा इंचातच.

हे सगळं आपल्या एस.टी. स्टँडमागच्या गॅरेजपर्यंत कसं पोचलं, ते बघा. स्वातंत्र्यानंतर भारतात गाड्या बनू लागल्या त्या परदेशी कंपन्यांच्या परवान्यावर. प्रत्येक गाडी आपल्या माहेरचे आटे घेऊन आली. अँबॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे इंच. बुलेट मूळची इंग्लंडची, तिच्यात व्हिटवर्थ आणि त्याची भावंडं. महिंद्राची जीप मूळची अमेरिकेची विलीज, पुन्हा इंच. पण कुर्ल्याला बनणारी फियाट इटलीची, म्हणजे मिलिमीटर. बजाजची व्हेस्पाही इटलीची. म्हैसूरची जावा चेकोस्लोव्हाकियाची, मिलिमीटर. ट्रॅक्टरांतही तेच, एच.एम.टी. झेटर मेट्रिक आणि इंटरनॅशनल बी-२७५ इंची. म्हणजे उसाच्या पट्ट्यातल्या मेकॅनिकच्या दारात सकाळी बी-२७५ आणि दुपारी झेटर उभा राहिला, तर पान्यांचे दोन संच, टॅप-डायचे दोन संच आणि नटबोल्टांचे दोन डबे हवेत. कायदा काय म्हणतो याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. समोरच्या बोल्टला काय बसतं एवढंच त्याला बघायचं होतं.

सगळ्यात मजेदार गोष्ट मॉरिसची. मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंग्लंडमधला इंजिन कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण गिऱ्हाईक इंग्रज, त्याच्याकडे पाने व्हिटवर्थचे. मग त्यांनी काय केलं? आटे मेट्रिक ठेवले आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या मापाची केली! हा प्रकार मॉरिसच्या इंजिनांत १९५० च्या दशकापर्यंत चालू राहिला. पाना बसतोय म्हणून इंची बोल्ट समजून नवा आणावा, तर तो भोकात जात नाही. असलं इंजिन पहिल्यांदा उघडणाऱ्याच्या तोंडून काय निघालं असेल ते स्मरणिकेत छापता येणार नाही.

व्हिटवर्थचे पाने हाही एक वेगळाच नमुना. मेट्रिक पान्यावर १३ लिहिलंय म्हणजे तोंड १३ मिलिमीटरचं. व्हिटवर्थच्या पान्यावर १/४ लिहिलेलं असतं ते पान्याच्या तोंडाचं माप नसतं, ज्या बोल्टसाठी तो पाना आहे त्याच्या जाडीचं असतं. १/४ च्या पान्याचं तोंड प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून थोडं मोठं, १३.३ मिलिमीटर असतं. नव्या पोराला हे सांगून कळत नाही. दोन-चार बोल्टांची डोकी गोल झाल्यावर कळतं.

मापं पूर्ण वेगळी असती तर फारसं बिघडलं नसतं. त्रास होतो तो ती जवळजवळ सारखी असतात म्हणून. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, १९ चा पाना खुशाल चालतो. अर्धा इंच म्हणजे १२.७, १३ चा पाना बसतो पण सैल. जोर दिला की घसरतो आणि हाताची सालटं निघतात. आता ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि ५/१६ इंची बोल्ट घ्या. एकाची जाडी ८, दुसऱ्याची ७.९४. एकाचं डोकं १३, दुसऱ्याचं १२.७. टेबलावर शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक दिसत नाही. पण आट्यांमधलं अंतर एकात १.२५ मिलिमीटर, तर दुसऱ्याच्या जाड आट्यांत १.४१ आणि बारीक आट्यांत १.०६. नट एक-दोन फेरे छान जातो, मग अडकतो. अननुभवी माणसाला वाटतं गंज आहे. तो पान्याला पाइप लावून आवळतो. नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण आतले आटे उडालेले असतात. तो नट कव्हरचा असेल तर तेल गळेल. ब्रेकच्या जोडाचा असेल तर काय, ते सांगायला नको. जुने मिस्त्री यासाठी एक साधी युक्ती करायचे, अजूनही करतात. दोन बोल्ट आट्यांना आटे लावून उजेडाकडे धरायचे. मधून उजेड दिसला नाही तर जात एक, दिसला तर दोन.

आता लेथ. माझ्या मते या सगळ्या कहाणीचं मर्म इथे आहे. आपला एक वर्गमित्र दहावीनंतर आय.टी.आय.ला टर्नर झाला आणि आज त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. नाव घालू नको म्हणाला, म्हणून घालत नाही, ओळखणारे ओळखतील. हा लेख लिहायचा म्हणून मी त्याच्याकडे अख्खा दिवस बसले. त्याच्याकडे एक जुनी इंची लेथ आहे. लेथवर आटे पाडताना एक लांब स्क्रू हत्याराला पुढे ओढत नेतो. त्या स्क्रूला या लेथमध्ये इंचात ४ आटे आहेत. म्हणजे यंत्राच्या कण्यातच इंच आहे. तिच्यावर मेट्रिक आटे कसे पाडणार?

उत्तर आहे १२७ दातांचं गिअर. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. २५.४ ला पाचाने गुणलं की १२७ ही पूर्ण संख्या येते, आणि १२७ मूळ संख्या असल्यामुळे तिचे लहान तुकडे पाडता येत नाहीत. सगळं चाकच घालावं लागतं. चार आट्यांच्या लेथवर दीड मिलिमीटरचा आटा हवा असेल तर एका बाजूला ३० दातांचं चाक आणि दुसऱ्या बाजूला १२७ दातांचं. गणित अगदी अचूक, एका केसाचाही फरक नाही. "आणि एकशे सत्तावीसचं नसेल तर?" मी विचारलं. तो म्हणाला, "त्रेसष्टचं घालायचं. तू कॉम्प्युटरवाली, तूच काढ ना किती चूक येते." मी तिथेच काढली. ८० भागिले ६३ म्हणजे १.२६९८, हवं होतं १.२७. चूक साधारण आठ हजारात एक. आखूड बोल्टला काहीच फरक पडत नाही, लांब स्क्रूला पडतो. हे त्याला आकडा न काढताही माहीत होतं. पुढे म्हणाला, "मेट्रिक पाडताना मधेच हाफ नट सोडायचा नाही. सोडला की परत त्याच खाचेत हत्यार येत नाही. मशीन उलटं फिरवूनच मागे यायचं." इंची आटे पाडताना डायल बघून सोडता येतो, मेट्रिकला नाही. दोन मापपद्धतींतल्या भांडणाची किंमत तो प्रत्येक फेऱ्याला मशीन उलटं फिरवून चुकवत होता.

हा २५.४ चा आकडा तरी "बरोबर" कधी झाला? ब्रिटिश इंच आणि अमेरिकन इंच यांच्यात पूर्वी अगदी सूक्ष्म फरक होता. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सनने आपल्या प्रसिद्ध गेज ब्लॉकसाठी सरळ २५.४ धरला आणि कारखान्यांनी तो मुकाट्याने स्वीकारला. सरकारांनी १ जुलै १९५९ पासून तो मान्य केला. अमेरिकेने तर १८९३ पासूनच आपला यार्ड मीटरवरून ठरवला होता. म्हणजे आज स्वतंत्र इंच असा उरलेलाच नाही. ती मीटरचीच एक ठरावीक फोड आहे. न्यू जर्सी-टेक्सासच्या मित्रमैत्रिणींनो, तुमचे फूट-पाउंडही आतून मेट्रिकच आहेत बरं का.

मग इंच आपल्याकडे इतका का रुजला? नुसती इंग्रजांची सवय, हे उत्तर मला पटत नाही. आपली मराठीच त्याला सोयीची होती. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द आपल्या जिभेवर आहेत. आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ केल्या होत्या. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. सगळी अर्ध्याची अर्धी. इंचही तसाच तुटतो: अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश. अष्टमांशाला आपण देशी नाव दिलं, सूत. गज-तसूच्या जगातून आलेल्या सुताराला इंच परका वाटलाच नाही. तसू गेला, पण "तसूभरही मागे हटणार नाही" मधला तसू राहिला. माझ्या धंद्यातलं एक सांगते. कॉम्प्युटर आतून दोनाच्या पटीत मोजतो. त्याला १/८ अचूक लिहिता येतो, ०.१ मात्र येत नाही. ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला सांगा, पुष्कळ भाषांत ०.३०००००००००००००००४ असं उत्तर येतं. मोजण्याच्या बाबतीत आमचं सगळ्यात आधुनिक यंत्र आणि सूत वापरणारा मिस्त्री एकाच बाजूला आहेत.

पण सूत आता फसवं झालंय, हे बांधकामातल्या मंडळींना मुद्दाम सांगायचंय. आज "चार सूत" मागितलं की १२ मिलिमीटरची सळई मिळते. जुनी चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. फरक जाडीत थोडा वाटतो, पण छेदाचं क्षेत्रफळ जवळपास अकरा टक्क्यांनी कमी होतं. उलट "तीन सूत" म्हणून १० मिलिमीटर मिळते ती जुन्या ९.५ पेक्षा जाड. नव्या इमारतीत आकडेमोड मिलिमीटरमध्येच होते, तिथे भीती नाही. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या घराचा स्लॅब दुरुस्त करताना जुन्या कागदावरचं "अर्धा इंच" वाचून मिस्त्रीला "चार सूत घाल" सांगितलं, तर आपण नकळत लोखंड कमी घातलेलं असतं. तोंडी नाव तेच राहिलं आणि वस्तू बदलली. नळाच्या कामातही तसंच आहे. लोखंडी "अर्धा इंची" पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर, गरम पाण्याच्या सी.पी.व्ही.सी. अर्धा इंचीचा १५.९. नळाच्या आट्यांचं माप घेतलं तर जवळपास २१ मिलिमीटर. अर्धा इंच यात कुठेच सापडत नाही. पूर्वीच्या पाइपच्या भोकाचं ते माप, नावापुरतं उरलेलं. आणि हे ब्रिटिश पाइपचे आटे आज मेट्रिक युरोपसकट जगाच्या मोठ्या भागात चालतात. सायकलच्या चेनची कडी अर्धा इंची, सॉकेट पान्याचा चौकोन अर्धा इंची, गाडीच्या टायरवर रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम इंचात. काही मापं कुणीच बदलणार नाही, कारण ती बदलण्यात कुणाचाच फायदा नाही.

वर्गमित्राने आता सी.एन.सी. मशीन घेतलंय. त्याला इंच सांगा की मिलिमीटर, प्रोग्रामच्या एका ओळीचा प्रश्न. त्याच्या हाताखालची पोरं गिअर बदलून आटे पाडायला शिकत नाहीत, आणि त्यांनी शिकावं असं त्यालाही वाटत नाही. पण आठवड्यातून एकदा तरी कुणी शेतकरी जुना पंप किंवा बी-२७५ चा एखादा भाग घेऊन येतो. त्याचा बोल्ट बाजारात मिळत नाही. तेव्हा ती जुनी लेथ सुरू होते आणि तो स्वतः उभा राहतो. भंगारवाल्याने तिचे पैसे दोनदा सांगून ठेवलेत. तिच्यासोबत हाताखालून शिकलेलं जे जाईल त्याचे पैसे भंगारवाला धरत नाही, असं तो म्हणाला नाही, पण चाक पुसून कपाटात ठेवताना त्याचा हात जरा रेंगाळला, ते मी पाहिलं.

मेळाव्याच्या दिवशी ते १२७ चं चाक घेऊन यायला मी त्याला सांगितलंय. आणतो म्हणालाय. गणिताच्या सरांनी आणि बाईंनी दात मोजून बघावेत.